जुने ते सोने? विमानटपालाच्या तिकिटांचा भाव कसा चढतो, कसा उतरतो



'जुने ते सोने' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसांच्या बाबतीत ती बहुधा खरी ठरते, गावरान वाणाच्या बाबतीतही कधीकधी खरी ठरते. परंतु जुन्या टपाल तिकिटांच्या बाबतीत ती जशीच्या तशी धरून चाललात तर पदरी निराशा येईल, आणि प्रसंगी गाठीचे पैसेही जातील.

शेतकी खात्याच्या माणसाने तिकिटांवर कशासाठी लिहावे, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. अलीकडे खेडोपाडी मोबाईलवर जाहिराती फिरतात. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या. आजोबांच्या पेटीतले जुने तिकीट दाखवा, दारिद्र्य जाईल. या गोष्टींवर विश्वास ठेवणारी माणसे अडाणी नसतात, अडचणीत असतात. म्हणून भाव मुळात कशाने ठरतो ते एकदा नीट समजून घेऊ. उदाहरणासाठी विमानटपालाची तिकिटे घेऊ, कारण त्यांचा जन्म कालपरवाचा आहे आणि त्यांच्या भावाची कहाणी तारीखवार सांगता येते.

कृषी प्रदर्शनातून उडालेली टपाल

जगातली पहिली सरकारमान्य विमानटपाल आपल्याच देशात उडाली, आणि तीही एका कृषी प्रदर्शनातून, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९११ साली अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजला, संयुक्त प्रांताचे औद्योगिक व कृषी प्रदर्शन भरले होते. तेथे लोकांना विमान दाखवावे म्हणून काही विमाने आणली होती. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रांची थैली घेऊन यमुना ओलांडली आणि सहा मैलांवरच्या नैनीला ती पोहोचती केली. पत्रामागे सहा आणे जादा आकार होता आणि ती रक्कम तेथल्या एका विद्यार्थी वसतिगृहाला मिळाली.

या टपालासाठी वेगळे तिकीट काढलेच नव्हते. पाकिटांवर नेहमीची तिकिटे होती. वेगळा होता तो शिक्का. किरमिजी शाईचा, विमानाचे आणि डोंगरांचे चित्र असलेला. आज त्या पाकिटांना हजारो रुपये मोजणारे संग्राहक आहेत, आणि ज्या थोड्या कार्डांवर वैमानिकाची सही आहे त्यांना त्याहून जास्त. आता कल्पना करा, कुणी हौसेने ते तिकीट पाकिटावरून कापून वहीत चिकटवले. हाती राहिले एक साधे, चारचौघांसारखे तिकीट. मोल होते ते पाकीट, पत्ता, शिक्का आणि तारीख या सगळ्यांचे मिळून. कणीस खुडून टाकावे आणि कडबा जपून ठेवावा, तसा हा प्रकार.

पहिले असूनही स्वस्त

खास विमानटपालासाठी निघालेले पहिले तिकीट इटलीचे. मे १९१७ मध्ये तुरीन ते रोम अशी प्रायोगिक टपाल नेली, तेव्हा जलद टपालाच्या जुन्या तिकिटावर नवा मजकूर छापून ते काढले. जगातले पहिले म्हणून ते फार महाग असेल असे वाटते. पण तसे नाही. ते दोन लाखांच्या संख्येने निघाले, आणि 'पहिले' म्हणून लोकांनी ते जपूनही ठेवले. त्यामुळे शंभर वर्षे उलटून गेली तरी साधारण कुवतीच्या संग्राहकालाही ते परवडते.

आपल्याकडचे उदाहरण नाशिकचे आहे. नाशिकरोडचा सरकारी छापखाना सुरू झाल्यावर भारताची तिकिटे लंडनऐवजी तेथे छापली जाऊ लागली. ऑक्टोबर १९२९ मध्ये भारताची पहिली विमानटपालाची तिकिटे याच छापखान्यातून बाहेर पडली. दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा आणे अशा सहा किमती, एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहा आणि झाडांवरून जाणारे विमान. त्याच वर्षी मार्च महिन्यात लंडन ते कराची अशी आठवड्याची विमानसेवा सुरू झाली होती, म्हणून या तिकिटांची गरज पडली. ती भरपूर छापली आणि भरपूर वापरली गेली. आज नव्वदी उलटलेले हे तिकीट वापरलेल्या स्थितीत किरकोळ पैशांत मिळते. मात्र यातल्याच काही थोड्या तिकिटांत छपाईच्या दोषामुळे झाडाचा शेंडा उमटलेला नाही. त्या शेंडा नसलेल्या तिकिटाला शेंडा असलेल्यापेक्षा अधिक भाव आहे!

म्हणजे वय हे भावाचे माप नव्हे. माप तीन गोष्टींचे आहे. नग किती उरले, ते हवेत असे लोक किती, आणि नग कोणत्या स्थितीत आहे. लासलगावला कांद्याची आवक वाढली की भाव का पडतो हे ज्याला कळते, त्याला पहिल्या दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. फरक एवढाच, की कांदा पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. तिकिटाची छपाई एकदा थांबली की नवे पीक नाही. उलट कसर, वाळवी, उंदीर, ओल आणि चूल यांच्यामुळे असलेला साठा दरवर्षी घटतच जातो.

चोवीस डॉलरचा ताव

साठा कमी आणि मागणी प्रचंड असेल तर काय होते, त्याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण अमेरिकेचे. मे १९१८ मध्ये तेथे वॉशिंग्टन ते न्यूयॉर्क विमानटपाल सुरू झाली आणि त्यासाठी २४ सेंटचे दोन रंगी तिकीट काढले. तांबडी चौकट आणि आत 'जेनी' नावाचे निळे विमान. दोन रंग म्हणजे ताव यंत्रात दोनदा घालायचा. घाईत एक ताव उलटा घातला गेला आणि शंभरच्या शंभर तिकिटांवर विमान पाय वर करून उडू लागले.

१४ मे १९१८ रोजी विल्यम रॉबी नावाच्या तिकीटशौकिनाने वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीत २४ डॉलर देऊन नेमका तो ताव विकत घेतला. टपाल खात्याची माणसे ताव परत मागायला आली. त्याने दिला नाही. आठवड्याभरात त्याने तो १५,००० डॉलरला एका व्यापाऱ्याला विकला, आणि व्यापाऱ्याने लगेच २०,००० डॉलरला कर्नल ग्रीन या धनिकाला. ग्रीनने ताव फोडून तिकिटे सुटी केली. त्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक घातला होता. एक तिकीट ग्रीनने बायकोच्या गळ्यातल्या लॉकेटमध्ये बसवले.

पुढचे भाव पाहा. २००७ साली यातले एक तिकीट ९,७७,५०० डॉलरला गेले. २०१६ साली दुसरे एक १३,५१,२५० डॉलरला. ४९ क्रमांकाचे तिकीट तर जवळजवळ शंभर वर्षे बँकेच्या तिजोरीत अंधारात पडून होते. त्याला ना ऊन लागले, ना हात. ते २०१८ साली १५,९३,००० डॉलरला आणि २०२३ साली २० लाख डॉलरहून थोड्या अधिक किमतीला विकले गेले. आपल्या हिशेबाने सुमारे साडेसोळा कोटी रुपये. याच तावातल्या डागाळलेल्या, दाते तुटलेल्या भावंडांना मात्र याच्या आसपासही भाव मिळालेला नाही. स्थिती ही तिसरी गोष्ट किती मोठी आहे, ते येथे दिसते. आणि त्याच वर्षीचे, त्याच किमतीचे, सुलट विमानाचे तिकीट? ते लाखोंनी छापले होते. आजही ते सामान्य संग्राहकाच्या आटोक्यात आहे.

पाठीवरच्या क्रमांकाचाही एक उपयोग झाला. १९५५ साली एका प्रदर्शनातून यातली चार तिकिटे चोरीला गेली. त्यांतली तीन पुढे वेगवेगळ्या वेळी सापडली. तिसरे सापडले ते थेट २०१६ साली, एका तरुणाला आजोबांच्या वारशातून मिळालेले. त्यावरचे खुणेचे आकडे पुसण्याचा प्रयत्न झाला होता, तरी जाणकारांनी ते ओळखलेच. चोरीचा माल म्हणून ते मूळ हक्कदार संस्थेकडे परत गेले. जनावर विकत घेताना आपण बिल्ला आणि दाखला पाहतो. मोठ्या किमतीच्या तिकिटालाही तसाच वंशवृक्ष लागतो. तो नसला तर भाव नाही.

कुणालाच नको होती, म्हणून महाग

आता उलट बाजू पाहू. १९३० साली 'ग्राफ झेपेलिन' हे जर्मनीचे अवाढव्य हवाई जहाज अमेरिकेला येणार होते. त्या फेरीच्या पत्रांसाठी अमेरिकेने १९ एप्रिल १९३० रोजी तीन तिकिटे काढली. ६५ सेंट, १ डॉलर ३० सेंट आणि २ डॉलर ६० सेंट. तिन्ही मिळून ४ डॉलर ५५ सेंट. प्रत्येकी सुमारे दहा लाख छापली. पण आधीच्या वर्षीच शेअरबाजार कोसळून महामंदी आली होती. लोकांना भाकरीची भ्रांत, तेथे तिकिटांना पैसे कोण देणार? ३० जूनला विक्री बंद केली तेव्हा ६५ सेंटची ९३,५३६, मधली ७२,४२८ आणि सगळ्यात महाग तिकिटे फक्त ६१,२९६ खपली होती. उरलेला सगळा साठा टपाल खात्याने नष्ट केला.

ज्या तिकिटांना त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते, तीच पुढे अमेरिकेच्या संग्राहकांना सर्वात हवीशी झाली. प्रत्येकाच्या वहीत तीन घरे रिकामी, आणि ती भरायची तर या साठ-सत्तर हजारांतूनच भरायची. भाव छापील किमतीच्या कित्येक पट झाला. त्या वेळी तो येणार हे कुणी सांगू शकले असते काय? नाही. ज्यांनी घेतली त्यांतल्या बहुतेकांनी हौसेने घेतली होती.

साठा याहून कमी असेल तर भाव आणखी चढतो. १९१९ साली न्यूफाउंडलंडमधून हॉकर नावाचा वैमानिक अटलांटिक महासागर ओलांडायला निघाला. त्याच्या पत्रांसाठी तीन सेंटच्या अवघ्या २०० तिकिटांवर खास मजकूर छापला होता. इंजिन तापून विमान समुद्रात उतरवावे लागले. वैमानिकाला व त्याच्या जोडीदाराला एका डॅनिश जहाजाने वाचवले आणि तरंगणाऱ्या सांगाड्यातून टपालाची थैलीही पुढे हाती लागली. दोनशे नग, त्यात निम्मी पाण्यात भिजलेल्या पत्रांवर, आणि मागे अशी कहाणी. त्या तिकिटांना तेव्हापासून आजपर्यंत कधी गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागलेली नाही.

मुद्दाम केलेली टंचाई

टंचाईला भाव येतो म्हटल्यावर टंचाई मुद्दाम घडवण्याचा मोह होतो. २०१३ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने उलट्या विमानाचे चित्र दोन डॉलरच्या नव्या तिकिटावर पुन्हा छापले. सहा-सहा तिकिटांचे लक्षावधी ताव काढले, आणि त्यांत गुपचूप फक्त शंभर ताव सुलट विमानाचे मिसळून दिले. लोकांनी ते शोधण्यासाठी पाकिटे घेतली. या प्रकारावर तेथे टीकाही झाली. कितीतरी देश आज केवळ संग्राहकांना विकण्यासाठी तिकिटे काढतात. ती पत्राला कधी लागतच नाहीत. सगळेच जपून ठेवतात, म्हणून ती दुर्मीळ कधी होत नाहीत. 'मर्यादित आवृत्ती, पुढे दामदुप्पट' असे कुणी सांगू लागले की सावध व्हावे.

चढलेला भाव उतरतोही

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत महागाई भडकली. पैशाचे मोल घटते म्हणून लोक सोने, चांदी आणि त्याबरोबर तिकिटेही घेऊ लागले. तिकिटांची हौस नसलेले लोकही झेपेलिनचे संच साठवू लागले. १९८० च्या सुमारास भाव शिखराला पोहोचले. नंतर बँकांचे व्याज वाढले, सोने उतरले आणि साठवणारे सगळे एकदमच विकायला निघाले. घ्यायला कुणी नाही. भाव कोसळले, आणि पुढे वर्षानुवर्षे अनेकांना आपली मूळ रक्कमही दिसली नाही. तिकिटे तीच, साठा तेवढाच. घटली ती मागणी. टोमॅटोला एका वर्षी भाव मिळाला म्हणून सगळ्या गावाने टोमॅटो लावावा, आणि पुढच्या वर्षी तो बांधावर टाकावा लागावा, तशीच ही गोष्ट.

आजही तेच चालू आहे. पत्रे लिहिणे थांबले आणि लहानपणी तिकिटे जमवणारी पिढी म्हातारी झाली. तिचे संग्रह बाजारात येत आहेत आणि नवी मुले त्या छंदात थोडी आहेत. त्यामुळे मध्यम प्रतीच्या, भरपूर असलेल्या मालाला मंदी आहे. अव्वल प्रतीच्या दुर्मीळ नगांचा भाव मात्र टिकून आहे किंवा वाढतो आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वर्तमानपत्रात बातमी येते ती दुसऱ्या गोष्टीची.

छापील किंमत आणि हाती येणारा पैसा

ब्रिटनची, अमेरिकेची, जर्मनीची मोठमोठी तिकीट-सूचीपत्रे निघतात. त्यांत प्रत्येक तिकिटापुढे किंमत असते. ती पाहून पुष्कळांची फसगत होते. ती किंमत निर्दोष नगाची असते, आणि व्यापारी ज्या भावाने विकील तो भाव असतो. तुमच्याकडून तो ज्या भावाने घेईल तो नव्हे. बियाण्याच्या पिशवीवर छापील किंमत असते, पण तीच पिशवी तुम्ही परत विकायला गेलात तर तेवढे कोण देईल? लिलावातही विकणाऱ्याकडून दलाली कापली जाते आणि घेणाऱ्याकडून वरचा आकार घेतला जातो. कांद्याची पट्टी हाती आली की हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन काय उरते ते आपण पाहतोच. येथेही पट्टी तशीच वाचावी.

मागे एका गावी खरीप बैठकीनंतर एका आजींनी पदराखालून निळ्या विमानपत्रांचा गठ्ठा काढून मला दाखवला. मुलगा आखातात कामाला होता त्या वर्षांतली ती पत्रे. "साहेब, एवढ्यात एक दुभती म्हैस येईल का?" त्यांचा प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ दिले. येणार नाही. अशी पत्रे त्या काळी हजारो घरी येत होती आणि हजारो घरी ती आजही आहेत. बाजारात त्यांना फार तर चहापाण्याचे पैसे मिळतील. मात्र मुलाने पहिला पगार कधी झाला, विहिरीला पैसे कधी पाठवले, हे त्या पत्रांत लिहिले होते. ते नातवंडांनी वाचावे म्हणून ती राखून ठेवा, असे मी सांगितले.

तुमच्या पेटीत जुनी पाकिटे असतील तर

१. तिकीट कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका. पाकीट जसे आहे तसे ठेवा. शिक्का, तारीख आणि गावाचे नाव हेच त्याचे दाखले.

२. विशेष लक्ष द्यावे अशी पाकिटे: १९११ च्या प्रयागच्या टपालाची, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला स्वतः विमान चालवून आणलेल्या टपालाची. ८ जून १९४८ रोजी सुरू झालेल्या मुंबई-लंडन विमानाच्या पहिल्या फेरीची. आणि घरातला कुणी पलटणीत असेल तर दुसऱ्या महायुद्धातली लष्करी टपालाची पत्रे. ही सापडली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका.

३. चिकटपट्टी, खळ, लॅमिनेशन यांपासून दूर ठेवा. स्वच्छ कोऱ्या कागदाच्या घडीत, कोरड्या जागी, उन्हापासून लांब ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने मागचा डिंक चिकटतो. म्हणून दसऱ्याला पेटी उघडून एकदा सावलीत वारा द्या.

४. विकायचेच असेल तर निदान तीन ठिकाणी भाव विचारा, आणि मूळ वस्तू कुणाच्या हवाली करून येऊ नका. किमती नग असेल तर तज्ज्ञांचा दाखला लागतो. मागे नवा डिंक लावलेली, दाते दुरुस्त केलेली, खोटा मजकूर छापलेली तिकिटे बाजारात पुष्कळ आहेत.

५. घेणारा माणूस आधी तुमच्याकडून 'नोंदणी', 'कर' किंवा 'कमिशन' मागत असेल, तर तो घेणारा नव्हे, लुटणारा आहे. जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. खरा व्यापारी माल पाहतो आणि पैसे देतो. मागत नाही.

मुलांसाठी

नफ्याचा विचार बाजूला ठेवला तर हा छंद मुलांना भूगोल, इतिहास आणि नीटनेटकेपणा शिकवतो. टपाल खात्यात दोनशे रुपये भरून तिकीटसंग्राहकाचे ठेव-खाते उघडता येते. त्यातून नवी तिकिटे घरपोच येतात. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी खात्याने २०१७ साली 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती योजना सुरू केली. त्यात निवड झालेल्या मुलाला वर्षाला सहा हजार रुपये ठरवलेले आहेत. चालू वर्षाचे नियम आणि अर्जाची मुदत जवळच्या मोठ्या डाकघरात विचारून घ्यावी. एखाद्या हुशार मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्च यातून निघाला, तर पेटीतल्या तिकिटाची लाखात विक्री होण्याची वाट पाहण्यापेक्षा तो फायदा कितीतरी खात्रीचा.

म्हणून पेटी जरूर उघडा. आत काय आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारून पाकिटामागे न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. कुणाचे पत्र, कुठून आले, कोणत्या साली. पुढे भाव आला तर या टिपणाचा उपयोग होईल. नाही आला, तरी घरचा इतिहास घरात राहील.